आपल्याच दाराचे कुलूप

शास्त्रपाठ: शास्ते ३:२४, २५; योहान १०:१–३; प्रेषितांची कृत्ये १२:१०–१६; प्रकटीकरण ३:२०.



शास्ते ह्या पुस्तकात मवाबाचा राजा एग्लोन ह्याच्या चाकरांची हकीकत आली आहे. माडीवरील खोलीचे दरवाजे त्यांना बंद दिसले. धनी आत काही कामात असेल असे समजून ते बाहेर थांबले. थांबता थांबता त्यांना लाज वाटू लागली, तरी आतून कोणी दार उघडीना. शेवटी किल्ली आणून त्यांनी दार उघडले, तेव्हा त्यांचा धनी जमिनीवर मरून पडलेला होता. ह्या चाकरांजवळ किल्ली होती, परंतु उघडावे की न उघडावे हे त्यांना कळेना. आमची अडचण पुष्कळदा ह्याच्या उलट असते. दार उघडावयाचे असते, आणि किल्ली नसते.

आपले घर, आपल्याच हाताने घातलेले कुलूप, आणि किल्ली मात्र हरवलेली, असा प्रसंग कोणावर आला नाही? शेतावरून परतताना किल्ली बांधावर गळून पडते; आठवड्याच्या बाजारात कनवटीला खोचलेली किल्ली गर्दीत नाहीशी होते; लेकरे खेळावयास घेतात आणि विसरतात. अशा वेळी मालकाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता लोहाराचा आहे, उपदेशकाचा नव्हे. परंतु थोडा विचार करा. त्या घटकेला मालक आणि चोर हे दोघे अगदी एकाच जागी उभे असतात. दोघांपुढे दार बंद आहे, दोघांजवळ किल्ली नाही, आणि दोघांच्याही हाती तीच पहार किंवा तीच करवत आहे. मग मालक कोण आणि चोर कोण, हे शेजाऱ्याने कशावरून ओळखावे? आणि मालकाने तरी स्वतःस कशावरून ओळखावे? ह्या प्रश्नाचा विचार आपण आज तीन प्रकारे करू.

पहिली गोष्ट ही की, दार खरोखर आपलेच आहे काय, हे आधी पाहावे.

ज्याने कुलूप विकत आणले त्याचे घर होते, असा न्याय नाही. ज्याचे नाव कागदावर आहे त्यासही दर वेळी कुलूप तोडण्याची मुभा असते, असेही नाही. घर आपले आहे पण त्यात भाडेकरू राहत आहे, तर त्या दाराचे कुलूप भाडेकरूचे. मालकाने ते स्वतःच्या हाताने तोडता कामा नये. त्याला न्यायालयाच्याच वाटेने जावे लागते. घर चार भावांचे सामाईक असेल, तर एकट्याची किल्ली हरवली म्हणून बाकीच्या तिघांना न विचारता कोयंडा उखडणे हे मालकाचे लक्षण नव्हे.

परंतु आमच्या खेड्यांत ह्याहून दुःखाची गोष्ट घडते, आणि ती ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतही घडते. कुटुंबातील एक भाऊ मरण पावतो. त्याची विधवा दुःखाचे चार दिवस काढण्यास माहेरी जाते. परत येते तो तिच्या खोलीला दुसऱ्याचे कुलूप. आत तिची भांडी, तिचे धान्य, लेकरांची दप्तरे; आणि बाहेर ओट्यावर ती. दीर म्हणतो, घर आमच्या बापाचे, तुझा येथे काय संबंध? बंधूंनो, हे कुलूप त्या दिराने आपल्या हाताने घातले खरे, परंतु ते त्याच्या दारावर घातलेले नाही. ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा ह्याविषयी स्पष्ट आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुले असली, तर त्याच्या मालमत्तेपैकी एक तृतीयांश विधवेचा. उरलेले दोन तृतीयांश मुलांचे, आणि त्यांत मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा. मुले नसून नवऱ्याचे रक्ताचे नातलग असले, तर विधवेचा निम्मा. तेव्हा त्या कुलपाआड जे बंद पडले आहे ते विधवेचे व पोरक्या लेकरांचे आहे. शास्त्रात विधवा आणि अनाथ ह्यांचा कैवारी कोण म्हटला आहे, हे मंडळीतील लहान मुलेही सांगतील.

त्या बहिणीने काय करावे? तिने रात्री भावाला बोलावून कुलूप फोडू नये. त्याने मारामारी माजते, आणि फिर्यादी होती ती आरोपी होऊन बसते. परंतु तिने गप्पही बसू नये, कारण मुदत निघून जाते. ज्याला त्याच्या संमतीवाचून व कायद्याच्या वाटेवाचून घराबाहेर काढले, त्याने सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करावा. १९६३ च्या विशिष्ट सहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे अशा दाव्यात मालकीचा वाद न काढता ताबा परत मिळतो. शेतजमिनीचा ताबा हिसकावला असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे तहसीलदारापुढे जाता येते. तेथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने तर स्त्रीस, कागदावर तिचे नाव असो वा नसो, ज्या घरात ती कुटुंबासह नांदली तेथे राहण्याचा हक्क दिला आहे; त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वकिलास द्यावयास पैसा नाही म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, मिळकत कितीही असली तरी विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मंडळीच्या पंचांनी अशा बहिणीबरोबर तेथवर चालत जावे. तिच्यासाठी प्रार्थना करावी, आणि तिच्यासोबत जावेही.

दुसरी गोष्ट ही की, आपले दार आपण उघडावे ते उजेडात आणि साक्षीदारांसमोर.

योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू सांगतो की, जो दाराने न येता दुसरीकडून चढून येतो तो चोर, आणि जो दाराने येतो तो मेंढपाळ. येथे किल्लीचा उल्लेख नाही. पारख आहे ती येण्याच्या रीतीची. मेंढपाळ राजरोस दारापाशी येतो, आणि द्वारपाळ त्याला ओळखून दार उघडतो. चोराला ओळखले जाण्याची भीती असते. ज्याला ओळखले जाण्याची भीती नाही तोच धनी.

ह्यावरून घरगुती रीत ठरते. किल्ली हरवली तर प्रथम शांतपणे शोधावी. दुसरी किल्ली कोणाजवळ आहे ते आठवावे. न सापडल्यास दोन शेजारी बोलवावे. किल्लीवाल्यास दिवसाउजेडी आणावे, आणि त्याने घर आपलेच आहे कशावरून असे विचारले तर रागावू नये. असे विचारणारा किल्लीवाला प्रामाणिक समजावा. तोडावेच लागले तर दार फोडू नये, कोयंडा कापावा. कोयंडा थोड्या पैशांत येतो, सागवानी दार येत नाही. आत दुसऱ्याची ठेव असेल तर काय सापडले ते साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. आणि नंतर कुलूप बदलावे, कारण हरवलेली किल्ली कोणाला सापडली असेल ते आपणास ठाऊक नसते. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवा. आत एकटे म्हातारे माणूस आहे, आणि हाकेला उत्तर येत नाही, तर एग्लोनाच्या चाकरांप्रमाणे ताटकळत बसू नये. शेजाऱ्यांस हाक मारावी, पोलीस पाटलास कळवावे, ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा, आणि किल्लीची वाट न पाहता दार उघडावे. जिवाहून कुलूप मोठे नाही.

थोरामोठ्यांच्या संस्थाही हीच रीत पाळतात. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी बँकांच्या लॉकरांविषयी नियम घालून दिले. लॉकर घेणाऱ्याची किल्ली हरवली, तर ते ग्राहकासमोर व बँकेच्या अधिकाऱ्यासमोर उघडावे लागते. ओळीने तीन वर्षे भाडे न भरल्यामुळे बँकेला ते उघडावयाचे झाले, तर आधी नोटिसा द्याव्या लागतात, आणि उघडताना बँकेच्या अधिकाऱ्याखेरीज दोन तटस्थ साक्षीदार लागतात. मंडळ्यांच्या इतिहासातही हेच आढळते. इंग्लंडात १५३८ मध्ये प्रत्येक मंडळीने बाप्तिस्मे, विवाह व दफनविधी ह्यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी, एक किल्ली पाळकाकडे व दुसरी मंडळीच्या कारभाऱ्यांकडे असावी, असे त्यात सांगितले होते. पाळकावर अविश्वास म्हणून नव्हे. जे सर्वांचे आहे ते कोणा एकाच्या हातून अंधारात उघडले जाऊ नये म्हणून. आमच्या मंडळ्यांतील अर्पणाच्या पेट्यांच्या किल्ल्या आज कोणाकोणाकडे आहेत, हे वाचकांनी येत्या रविवारी विचारून पाहावे.

कौशल्याच्या कामातही भेद हाच. लंडनात ब्रामा नावाच्या कारागिराच्या पेढीने एक कुलूप दुकानात मांडून, हे किल्लीवाचून उघडील त्यास दोनशे गिनी देऊ, अशी पाटी लावली होती. कित्येक दशके ते कोणास उघडले नाही. १८५१ साली तेथे मोठे प्रदर्शन भरले असता हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले; त्यास सुमारे ५१ तास लागले, आणि ते काम कित्येक दिवस चालले. त्याचे हत्यार चोराच्या हत्याराहून वेगळे नव्हते. परंतु त्याने पंच नेमवून, अटी लिहून घेऊन, मालकाच्या संमतीने ते उघडले. म्हणून त्यास बेडी न पडता बक्षीस मिळाले, आणि कुलपे करणारे अधिक चांगली कुलपे करू लागले. आमच्या देशात ज्यांनी १८९७ साली मुंबईस लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, ते आर्देशिर गोदरेज पूर्वी वकील होते. अशिलासाठी सत्य वाकवावे लागते असे पाहून त्यांनी वकिली सोडली. उतारवयात ते ह्या आमच्या नाशिक भागात येऊन शेतीत रमले. ज्याला खोटे बोलवत नव्हते त्याने कुलपे करावी, हे योग्यच झाले. कुलपाचे बळ पोलादात असते, त्याहून अधिक ते करणाऱ्याच्या आणि उघडणाऱ्याच्या सचोटीत असते.

आणि बंद दारापुढे उजेडात उभे राहणे म्हणजे काय, हे नाशिककरांस दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांच्या पुढारीपणाखाली हजारो अस्पृश्य मानलेले लोक पंचवटीतील काळाराम मंदिरावर मिरवणुकीने गेले. दरवाजे बंद होते. त्या लोकांजवळ किल्ली नव्हती, परंतु मनुष्यबळ होते. इतके लोक एकवटले असता लाकडी दरवाजा किती वेळ टिकता? तरी त्यांनी दरवाजा फोडला नाही. मिरवणूक गोदावरीच्या काठी गेली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांपुढे सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड ह्यांनी त्या कामाची धुरा वाहिली. एप्रिलात रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. हा लढा १९३४ पर्यंत चालला, आणि तोवर दार उघडले नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या लोकांपैकी पुष्कळांनी तोवर त्या दाराची आशाही सोडून दिली होती. आपण मूर्तिपूजेसाठी हा लढा आरंभिला नव्हता, आपल्या लोकांत जागृती यावी म्हणून आरंभिला, असे डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वच्छ सांगितले. परंतु त्या दरवाजांपुढे उन्हात बसून त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. आत कुलूप लावून बसलेले लोक मालकासारखे दिसत नव्हते. बाहेर उजेडात बसलेले लोक मालकासारखे दिसत होते. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे त्याच वस्त्यांतून आलेली आहेत. म्हणून आम्हांस विचारले पाहिजे की, पंगतीत, सोयरिकीत, दफनभूमीत आम्ही कोणासाठी दार लावून घेतले आहे काय? ज्यांच्या आजोबांपुढे दार बंद झाले, त्यांच्या नातवांनी कुलपाचा व्यापार करू नये.

तिसरी गोष्ट ही की, जे कुलूप आपण आपल्याच अंतःकरणाला घातले, त्याची किल्ली आपणांसच घासावी लागते.

पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हाची कथा आठवा. नगराकडे जाणारा लोखंडी दरवाजा त्याच्यापुढे आपोआप उघडला. परंतु मार्काची आई मरीया हिच्या घराचे दार आपोआप उघडले नाही. आत मंडळी त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करीत होती. रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला, आनंदाने ती आत धावली, आणि पेत्र बाहेरच दार ठोठावत राहिला. देवाने तुरुंगाचे दार उघडले; भावाच्या घराचे दार मात्र भावांनीच उघडावे अशी त्याची इच्छा दिसते. दोन भावांत बांधावरून अबोला आहे. एकाच विहिरीवर दोघे पाणी भरतात आणि बोलत नाहीत. वर्षे लोटतात, आणि दोघांनाही मनातून वाटते की दार उघडावे, परंतु किल्ली कोठे पडली हे कोणास आठवत नाही. हे कुलूप दोघांच्या सामाईक मिळकतीवरचे आहे. ते पहारीने निघत नाही. जोराने बोलून, गावपंचांपुढे दुसऱ्याची फजिती करून ते उघडावयास गेले तर दारच मोडते.

येथे किल्लीवाल्याची एक रीत आम्हांस पुष्कळ शिकविते. जुनी किल्ली मुळीच नसते, तेव्हा चांगला कारागीर कुलपावर घाव घालीत नाही. तो एक कोरी किल्ली घेतो, कानशीने तिची कड स्वच्छ करतो, कुलपात घालून हलकेच दाब देतो, आणि बाहेर काढून उजेडात धरतो. कुलपाच्या आतल्या भागांनी तिच्यावर बारीक खुणा उमटविलेल्या असतात. जेथे खूण तेथे तो कानस मारतो. पुन्हा घालतो, पुन्हा काढतो, पुन्हा पाहतो. असे पुष्कळ वेळा केल्यावर किल्ली फिरते. बंधूंनो, ह्यात कोण झिजते ते पाहा. कुलूप झिजत नाही, किल्ली झिजते. जो भावाचे मन उघडू पाहतो त्याने आधी त्याच्या घरी जावे, त्याचे ऐकावे, आणि कोठे टोचले ते पाहून घ्यावे. पहिल्या भेटीत दार उघडणार नाही. परंतु प्रत्येक भेटीत एक खूण उमटेल: त्या दिवशीचा तो शब्द, ते न आलेले आमंत्रण, आजारपणात न घेतलेली खबर. ती खूण त्याच्यावर उगारू नये. तेवढे स्वतःला घासावे, आणि पुन्हा जावे.

इंग्रज चित्रकार होल्मन हंट ह्याने १८५१ ते १८५३ ह्या वर्षांत प्रभूचे एक चित्र काढले. त्याच्या प्रती पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर आढळतात. रात्रीची वेळ आहे, दारावर वेली माजल्या आहेत, आणि प्रभू ठोठावीत उभा आहे. त्या दाराला बाहेरून कडी दाखविलेली नाही. ते आतूनच उघडावयाचे आहे. पण दुसरीही एक गोष्ट त्या चित्रात आहे. प्रभूच्या हाती कंदील आहे. जग ज्याने निर्माण केले, त्याच्याहून मोठा मालक कोण? घर त्याचे, दार त्याचे, आणि ते मोडण्याचे सामर्थ्यही त्याचे. तरी तो रात्री येतो तो दिवा घेऊन येतो, आणि ठोठावून थांबतो. चोर दिवा मालवून येतो. धनी दिवा लावून येतो. मालक कोण व चोर कोण, हे शेजाऱ्याने ह्यावरून ओळखावे, आणि मालकाने स्वतःसही ह्यावरून ओळखावे.

म्हणून प्रियजनहो, आपल्या प्रत्येक कुलपाची पारख ह्या आठवड्यात करा. ज्या खोलीवर आपले कुलूप आहे ती खरोखर आपली आहे काय? नसेल, तर आजच्या आज किल्ली घेऊन त्या विधवेच्या हाती द्या, आणि चार शेजाऱ्यांसमोर द्या. आपली असून ती दुसऱ्याने अडविली असेल, तर पहार ठेवा, साक्षीदार घ्या, आणि मुदत संपण्यापूर्वी न्यायाची वाट धरा. आणि जे दार भावाने व आपण मिळून लावले असेल, त्यापुढे एक कोरी किल्ली व कानस घेऊन बसा. ती अनेकदा बाहेर काढावी लागेल, म्हणून कंटाळू नका. ज्याने आमच्या दाराशी उभे राहण्याचा कंटाळा केला नाही, तो आम्हां सर्वांस तितका धीर देवो. आमेन.